ओठ दिसले पाहिजेत

त्या सकाळी सासूबाई चेहऱ्याला साबण तसाच ठेवून, डोळे मिटून, भिंत चाचपडत बाथरूमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "नळ का बंद केलास गं? माझं तोंड धुवायचंय अजून."

नळ चालूच होता. बादली भरून पाणी बाहेर वाहत होतं, मला ते स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मी तसं ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही. मी त्यांचा हात धरून पाण्याखाली नेला, तेव्हा त्या दचकल्या. डोळे धुऊन झाल्यावर त्या आधी नळाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

डावा कान त्यांचा बरीच वर्षं नावालाच होता. सगळा भार उजव्यावर. दिवाळी नुकतीच झाली होती, दिल्लीची हवा राखाडी झाली होती, घरात प्रत्येक जण खोकत होता. मला वाटलं, सर्दीने कान गच्च झालाय. सेक्टरच्या केमिस्टकडून थेंब आणले आणि चार दिवस, दिवसातून तीनदा, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मीच घातले. नवरा तेव्हा सरकारी कामाने शिलाँगला होता.

पाचव्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, काचेच्या खोलीत बसवून चाचणी केली आणि कागदावरचा आलेख बघत मला विचारलं, "चार दिन क्या कर रहे थे आप लोग?" कानाची नस अशी अचानक जाते म्हणाले, आणि जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितकी आशा. मग गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. तीन आठवड्यांनी कुकरची शिट्टी ऐकू यायला लागली, आपटलेलं दार ऐकू यायला लागलं. शब्द आले नाहीत.

चार दिवसांबद्दल घरात मला कुणीही बोललं नाही, त्यांनीही नाही. त्याचंच मला जास्त ओझं झालं.

त्या मूळच्या सांगलीच्या. तीस वर्षं शिवणक्लास चालवला. सासरे गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, आमच्याकडे आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. आमच्यात भांडण नव्हतं आणि फार जवळीकही नव्हती. आल्या त्या पहिल्याच आठवड्यात मी तयार होऊन निघाले तर म्हणाल्या होत्या, "ऑफिसला चाललीस की लग्नाला?" माझे ओठ रंगवलेले होते. तेव्हापासून मी लिपस्टिक मेट्रोत लावायची आणि घरी येताना मेट्रोतच पुसायची. गुडगावच्या ऑफिसात माझे ओठ लाल असत आणि घरी नसत. यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

कान गेल्यावर त्यांनी सगळ्याला "हो, हो" म्हणायला सुरुवात केली. काहीही सांगा, हो. मला ते लक्षात यायला वेळ लागला.

कानाच्या औषधांनी त्यांची साखर वाढली होती, म्हणून डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या बदलल्या. "सकाळी एक, संध्याकाळी अर्धी," मी निघताना सांगितलं. त्या "हो, हो" म्हणाल्या. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी घरी आले. लेक ट्यूशनला गेली होती. बेल वाजवली, दार वाजवलं, मोबाईल लावला. तो आतच वाजताना मला ऐकू येत होता. दाराला आतून कडी होती. ऐकू येत नाही म्हणून दार उघडत नाहीत, एवढंच आधी वाटलं. मग मी खाली जाऊन वर बघितलं. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि पडद्याआड दिवा लागलेला नव्हता. अंधार पडला तरी दिवा नाही, हे काही त्यांचं वागणं नव्हतं.

शेजारच्या तमिळ काकांनी त्यांच्या बाल्कनीतून आमच्या बाल्कनीत पाय टाकला. त्यांच्या बायकोने, मामींनी, माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. काकांनी आतून कडी काढली तेव्हा सासूबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या, कपाळ घामाने ओलं, हात थरथरत होते, आणि मला ओळखल्यासारखं करत नव्हत्या. गोळीच्या पाकिटात दोन खाचा जास्तीच्या रिकाम्या होत्या. साखरेचं पाणी चमच्याने पाजताना निम्मं त्यांच्या पदरावर सांडलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी विचारलं, "हे काका आपल्याकडे कसे?"

त्या सावरल्यावर मी म्हटलं, "मी सांगितलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात, आई." दोनदा म्हटलं, मोठ्याने. तिसऱ्यांदा वहीत लिहून दाखवलं.

त्यांनी वही बाजूला सारली. "सारखं काय विचारायचं तुम्हाला? कंटाळता तुम्ही. तुमच्या तोंडावरचा कंटाळा मला दिसतो. शब्द तेवढे दिसत नाहीत. आणि ही वही नको. चिठ्ठ्या भाडेकरूला लिहितात."

नवरा शिलाँगहून आला आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही त्यांना श्रवणयंत्र बसवायला घेऊन गेलो. तिथली मुलगी जेमतेम पंचविशीची असेल. त्या दिवसांत प्रदूषणामुळे दवाखान्यात सगळेच मास्क लावून होते. सासूबाईंच्या दृष्टीने सगळं शहरच तोंड झाकून बसलं होतं. त्या मुलीने मात्र खुर्ची ओढून समोर बसताच आधी मास्क काढला. तिने गडद लाल लिपस्टिक लावलेली होती. यंत्रातून आवाज येईल, ती म्हणाली, पण शब्द सुटे होणार नाहीत. उरलेलं काम डोळ्यांनी करावं लागेल. मग तिने सासूबाईंना हिंदीत अगदी साधे प्रश्न विचारले. नाव काय, नाश्ता काय केला. दहातल्या सहांना त्यांनी बरोबर उत्तर दिलं. मी तेच प्रश्न मराठीत विचारले तर दहातलं एक.

मुलगी माझ्याकडे वळली. "दीदी, आपके होंठ दिखते ही नहीं."

मी ओठांना हात लावला. माझे ओठ चेहऱ्याच्याच रंगाचे आहेत, हे मला ठाऊक होतं. त्यावर इलाज म्हणून तर इतकी वर्षं मेट्रोत आरसा धरत होते. ती म्हणाली, लिपस्टिक लावा. ग्लॉस नको, त्यावर दिवा चमकतो आणि ओठांची कड हरवते. मॅट लावा, गडद लावा. उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं उभं राहा. ओरडू नका, ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं. नवऱ्याला म्हणाली, "और सर, ये मूँछ."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने वीस वर्षांची मिशी काढली. लेक दोन दिवस त्याच्याकडे बघून हसत होती. माझ्यासाठी ते अवघड होतं. त्या संध्याकाळी मेट्रोतून उतरताना सवयीने टिश्यू काढला, हातात धरला आणि तसाच पर्समध्ये परत ठेवला. घरी आले, दिव्याखाली उभी राहिले आणि लाल ओठांनी म्हटलं, "आई, चहा टाकू का?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "टाक. आलं घाल."

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे आमचे चांगले गेले. स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट आम्ही दुसऱ्या भिंतीवर लावून घेतली, म्हणजे ओट्याशी उभ्या असणाऱ्याच्या तोंडावर सरळ उजेड पडेल आणि त्यांना हॉलमधल्या खुर्चीतून बोलणं दिसेल. आम्ही सराव करायचो. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. पारा, बारा आणि मारा यांत काही फरक नाही, तो आगापिछा बघून ओळखायचा. लेक मराठीत सुरुवात करून हिंदीत शिरायची. "आजी, आज स्कूलमध्ये ना, बिल्कुल मजा नहीं आया." मग त्या हात वर करून तिला थांबवायच्या: "आधी सांग, हिंदी की मराठी?" माझ्याकडे तर त्या इतकं टक लावून बघायच्या की माझ्या लग्नातही कुणी तसं बघितलं नसेल. गोळ्यांचा गोंधळ थांबला. "हो, हो" कमी झालं. "नाही कळलं, परत सांग," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटायचं.

जानेवारीत माझे ओठ जळजळायला लागले. थंडी आहे, म्हटलं. मग कडेने सोलायला लागले. मग सुजले. लिपस्टिक बदलली, एक सोडून तीन बदलल्या. शेवटची "हर्बल" होती, तिने तर दोन दिवसांत कोपरे फाटले. आमटीचा घास तोंडाला लावला की डोळ्यांत पाणी यायचं. ऑफिसात शेजारी बसणारी म्हणाली, "यार, डॉक्टर को दिखा. तेरी तरफ देखकर मुझे दर्द होता है."

सर्वांच्या आधी अर्थात सासूबाईंच्या लक्षात आलं होतं. माझे ओठ त्यांच्याइतके कोण बघत होतं? एका संध्याकाळी मी आले तर त्या वाटीत एरंडेल घेऊन बसल्या होत्या. "सांगलीत थंडीत आम्ही हेच लावायचो. बस इथे." त्यांनी अनामिकेने ते दाट, चिकट तेल माझ्या ओठांना लावलं, अगदी हलक्या हाताने, शिलाई उसवू नये अशा बेताने. चार वर्षांत त्यांनी माझ्या चेहऱ्याला प्रथमच हात लावला होता. मी डोळे मिटून बसून राहिले.

मग ते रोजचंच झालं. मी घरात पाऊल टाकलं की वाटी तयार. ओठ बरे होईनात. त्या म्हणायच्या, "तू जीभ लावतेस म्हणून." आणि दुसऱ्या दिवशी जरा जास्त तेल लावायच्या. मला बोलताना दुखायचं म्हणून मी कमी बोलायचे, तोंड अर्धवट उघडायचे, लिपस्टिक तर लावताच येत नव्हती. त्यांना पुन्हा काही कळेनासं झालं. "रागावलीस का माझ्यावर? काही बोलत नाहीस," त्या विचारायच्या. मी मान हलवायचे. पुन्हा "हो, हो" सुरू झालं. मी ऑफिसातून दर दोन तासांनी शेजारच्या मामींना फोन करून, जरा डोकावून या ना, म्हणत होते. दुपारभर माझा जीव टांगणीला असायचा.

त्वचेच्या डॉक्टर वयस्कर होत्या, बोलायला तुटक. म्हणाल्या, ओठांना लागणारं सगळं घेऊन या. मी चार लिपस्टिका नेल्या, व्हॅसलीन नेलं, टूथपेस्ट नेली. एरंडेल नेलं नाही. ते औषध, ते कशाला न्यायचं, असं वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवर लहान लहान चौकोन, प्रत्येक चौकोनात लिपस्टिकमध्ये लागणारा एकेक पदार्थ, त्यांच्याकडचाच. दोन दिवस अंघोळ नाही, वाकायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. चौथ्या दिवशी त्यांनी भिंगातून माझी पाठ बघितली. बाकी सगळी जागा साफ होती. एकाच चौकोनाखाली लाल चट्टा आणि त्यावर बारीक पुरळ.

"कॅस्टर ऑइल," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग एरंडेलाची वाटी डोळ्यांपुढे आली.

त्यांनी समजावून सांगितलं. लिपस्टिक म्हणजे मुळात मेण, तेल आणि रंग. मेणामुळे कांडी उभी राहते आणि ओठांवर थर बसतो, आतला ओलावा उडून जात नाही. म्हणून बऱ्याच जणींना लिपस्टिकने ओठ मऊच राहतात, काहींमध्ये उन्हाला अडवणारं काही घातलेलं असतं तेही बरं. रंग कधी मातीतल्या लोखंडाचा, कधी कारखान्यातला, आणि एक लाल तर वाळवलेल्या किड्यांपासून काढतात. (हे मी घरी सांगितलं नाही.) पण रंगाची पूड मेणात नीट घोटली जात नाही. तिला दाट तेल लागतं, आणि एरंडेलाइतकं दाट, रंग धरून ठेवणारं, खराब न होणारं तेल दुसरं सहज मिळत नाही. म्हणून ते कितीतरी लिपस्टिकांत असतं. तुमच्या हर्बलमध्येही आहे. बहुतेकींना त्याचं काही होत नाही. तुमच्या त्वचेला ते चालेनासं झालंय, वर्षानुवर्षं लावल्यावरही असं होतं, इतकंच.

"घर में भी लगाती हैं क्या?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. कोण लावतं, ते सांगितलं नाही.

त्यांनी एका कागदावर इंग्रजीत दोन नावं लिहून दिली. एक कॅस्टर ऑइल, आणि दुसरं त्याचं शास्त्रीय नाव, रिसिनस कम्युनिस. खोक्यांवर बऱ्याचदा हेच छापतात म्हणाल्या. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर घेऊ नका.

त्या संध्याकाळी वाटी पुढे आली तेव्हा मी हाताने नको म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. नवरा मागोमाग आला. मी त्याला कागद दाखवला, म्हटलं, एरंडेलच हे, खोक्यावर ही नावं असली तर ती लिपस्टिक घ्यायची नाही.

"आईला नको सांगूस," तो पुटपुटला. "डॉक्टरांनी मलम दिलंय म्हण."

"आणि ती वाटी? रोज घेऊन बसतात त्या."

"हळू."

मी आवाज आणखी खाली आणला. पाठ चार दिवस खाजत होती, ओठ फाटलेले होते, आणि कुठेतरी तो सगळा राग साठला होता. मी म्हटलं, "हळू काय हळू? त्यांनी लावून लावून माझे ओठ कुजवलेत. मी गप्प बसले, कारण त्यांना वाईट वाटेल. आता मी बोलूही शकत नाही."

नवऱ्याने मागे वळून हॉलकडे बघितलं. मीही बघितलं. सासूबाई खुर्चीत होत्या, वाटी मांडीवर, आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ट्यूबलाइट सरळ माझ्या तोंडावर होती. ओठ लाल होतेच, सुजून लाल.

कुजबुज करून आम्ही कोणापासून काय लपवत होतो?

त्या उठल्या. वाटी ओट्यावर ठेवली, माझ्या अंगाला अंग न लावता. जेवायला बोलावलं तर दार न उघडताच म्हणाल्या, "भूक नाही." सकाळी मी निघाले तेव्हा त्या देवाजवळ बसल्या होत्या, पाठ दाराकडे. मला थांबायला हवं होतं. पण साडेनऊची मीटिंग होती, आणि समोर जाऊन बसायचं तर काय बोलायचं हेही सुचत नव्हतं.

त्या दिवशी कामाच्या गडबडीत मामींना फोन करायचा राहिला. पावणेतीनला लेकीचाच फोन आला, शेजारच्या मामींच्या मोबाईलवरून. "आई, घराला लॉक आहे. आजी नाहीये."

गुडगावहून घरी यायला मला एक तास लागला. त्या तासाचं मला काही आठवत नाही, फक्त मेट्रोतल्या दाराच्या काचेवर टेकलेलं माझं कपाळ आठवतं. सासूबाई एकट्या कधीच सेक्टरबाहेर गेल्या नव्हत्या. घर उघडलं. त्यांचा मोबाईल टेबलावर होता. शेजारी श्रवणयंत्राची डबी, आणि यंत्र डबीतच. म्हणजे मागून आलेल्या बसचा जो थोडाफार गोंगाट कानावर पडला असता, तोही पडणार नव्हता.

नवरा कार्यालयातून निघाला होता. तो पोलिसांना फोन करतो म्हणाला. मी काय शोधत होते कुणास ठाऊक, पण माझी डॉक्टरांची फाईल उघडी दिसली. तपासणीचा कागद होता. दोन नावांची चिठ्ठी नव्हती.

मी सेक्टरच्या बाजारात धावले. बांगड्या आणि क्रीम-पावडरच्या दुकानात विचारलं. "हाँ, माताजी आई थीं सुबह," दुकानदार म्हणाला. "पर्ची दिखाई. मेरे पास दो-चार ही माल है. मैंने कहा, सरोजिनी नगर जाओ."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?" मी मराठीतच ओरडले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

सरोजिनी नगरच्या बाजारात दुपारी साडेचार वाजता पाय ठेवायला जागा नसते. कपड्यांच्या ढिगांवरून पोरी वाकलेल्या, हातगाड्या, मोटरसायकली, प्रत्येक जण ओरडतोय. पोलिसांच्या बूथवर मी सांगितलं, सत्तर वर्षांच्या, मोरपंखी साडी, करडा स्वेटर. हवालदाराने नाव विचारलं, माईक हातात घेतला आणि भोंग्यावरून त्यांचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. सगळ्या बाजारात ते नाव घुमलं. लोक माना वर करून ऐकत होते. मी म्हटलं, "भैया, वो सुन नहीं सकतीं." त्याने माईक खाली ठेवला. "फिर तो आँख से ही ढूँढना पड़ेगा, मैडम."

मी एकेक गल्ली धरली. सौंदर्यप्रसाधनांचं दुकान दिसलं की आत डोकवायचं. प्रत्येक करड्या स्वेटरमागे मी धावले. एका ई-रिक्षाने मागून भोंगा वाजवला, मी उडी मारून बाजूला झाले आणि तिथेच उभी राहिले. हा भोंगा त्यांना ऐकू आला नसता, एवढंच डोक्यात.

सातव्या की आठव्या दुकानात त्या होत्या.

अरुंद दुकान, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. मागच्या बाजूला, दिव्याखाली, स्टुलावर त्या बसलेल्या. हातात सुईत दोरा ओवायचं त्यांचं भिंग. मांडीवर डॉक्टरांची चिठ्ठी. पायाशी लिपस्टिकच्या खोक्यांचे दोन ढीग, एक मोठा आणि एक अगदी लहान. त्यांना इंग्रजी येत नाही. त्या चिठ्ठीवरची अक्षरं खोक्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांशी एकेक करून ताडून बघत होत्या.

"दो घंटे से बैठी हैं," दुकानातली मुलगी म्हणाली. "मैंने चाय भी पिलाई. आपकी मम्मी हैं?"

मी त्यांच्या खांद्याला धरून गदगदा हलवलं आणि जे तोंडात आलं ते बोलत सुटले. फोन का नाही नेला, यंत्र का नाही घातलं, पोरगी दारात उभी होती, मी कुठे कुठे फिरले, तुम्हाला काही झालं असतं तर.

त्यांनी माझं बोलणं संपेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाल्या, "सावकाश बोल. रागावलीस की ओठ आवळतेस. काही दिसत नाही."

मी रडायला लागले.

"काल मात्र सगळं दिसलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बहिऱ्या माणसाचा झाला होता, कमीजास्त. दुकानातले सगळे ऐकत होते. "कुजवलेत, म्हणालीस."

मी खोटं बोलले नाही. "हो," म्हटलं. "म्हणाले."

त्यांनी मान हलवली, जणू एक हिशेब जुळला. मग वाकून लहान ढिगातली दोन खोकी उचलली. "हे बघ. यांत ते नाही. तू वाच, तुला येतं वाचायला."

मी वाचलं. एकावर किमतीचं लेबल शेवटच्या ओळींवर चिकटवलेलं होतं. नखाने सोलून बघितलं तर खाली तेच नाव. त्यांनी ते खोकं माझ्या हातातून घेतलं, भिंगाने स्वतः खात्री केली आणि मोठ्या ढिगात टाकलं. दुसरं उरलं. मी ते तीनदा वाचलं. मेण होतं, दुसरीच कसली तरी तेलं होती, रंग होते. एरंडेल नव्हतं. रंग विटकरी, ग्लॉस नाही.

रिक्षात बसल्यावर मी नवऱ्याला फोन केला आणि मग त्यांच्याकडे तोंड वळवलं. दिवे लागायचे होते, उजेड पुरेसा होता. मी म्हटलं, "आई, माफ करा."

"कसलं माप?"

"माफ. माफ करा मला."

त्यांनी ओठ वाचले आणि म्हणाल्या, "ती वाटी धुऊन टाक आज." रस्ता ओलांडताना त्यांनी माझं कोपर धरलं, आणि घराच्या जिन्यापर्यंत सोडलं नाही.

ओठ बरे व्हायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस वहीवर भागवलं. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त माझ्या अक्षराला नावं ठेवली. विटकरी लिपस्टिक मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितली, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. त्या रोज संध्याकाळी माझी बाही वर करून, भिंगातून तिथे बघायच्या. काही उठलं नाही. मग ओठांना लावली. दुपारपर्यंत ती फिकी पडते, ऑफिसात पुन्हा लावावी लागते, उन्हाळ्यात कांडी मऊ होते म्हणून फ्रिजच्या दारात ठेवते. पण जळजळत नाही. आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

सगळं छान झालं असं म्हणता येणार नाही. नवरा आणि मी त्यांच्याबद्दल काही बोलायचं असलं की अजूनही नकळत भिंतीकडे तोंड करतो, आणि तसं केलं की मला स्वतःचीच लाज वाटते.

एप्रिलमध्ये कानाची पुन्हा चाचणी झाली. मी डॉक्टरांना मास्क काढायला सांगितलं; त्यांनी जरा कुरकुर करून काढला. ते बोलत होते तेव्हा सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. बाहेर कॉरिडॉरमध्ये नवरा वाट बघत होता. त्याने मला विचारलं, "काय म्हणाले?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगितलं. "ऐकू येणं आहे तेवढंच राहील म्हणाले. वाढणार नाही आता." मग पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "चला. पोरगी शाळेतून येईल."